जागा झालेला डोंगर आणि ठरलेली सहल

बालीची सहल एका दिवसात ठरत नाही. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीसाठी चार-सहा महिने आधी टूर कंपनीकडे आगाऊ रक्कम भरली जाते, रजा मंजूर करून घेतल्या जातात, आजी-आजोबांचे पासपोर्ट नव्याने काढले जातात. निघायला आठ-दहा दिवस उरलेले असताना बातमी येते, की बेटावरच्या ज्वालामुखीसाठी दिलेल्या इशाऱ्याची पातळी वाढली आहे. मग फोनाफोनी सुरू होते. नातेवाईक म्हणतात, जाऊ नका. टूर कंपनी सांगते, तुमच्या हॉटेलपासून डोंगर साठ किलोमीटर लांब आहे. विमान कंपनी कळवते, सध्या उड्डाण वेळेवर आहे. तिघेही आपापल्या जागी खरेच बोलत असतात, आणि तरीही जायचे की नाही याचा उलगडा होत नाही.

अलीकडच्या वर्षांत बालीला जाणाऱ्या परदेशी पाहुण्यांत ऑस्ट्रेलियन लोकांच्या खालोखाल भारतीय दिसू लागले आहेत. त्यामुळे हा प्रश्न आता आपल्याही घरातला झाला आहे. तो केवळ बालीपुरता नाही. ग्रीसचे सँतोरिनी, स्पेनचे ला पाल्मा, न्यूझीलंडचे व्हकारी, कॅरिबियनमधली ग्वादलूप आणि माँतसेरात ही बेटे, सगळीकडे तो वेगवेगळ्या रूपांत उभा राहिला आहे. शास्त्रज्ञ, पर्यटन व्यवसाय, विमान कंपन्या, विमा कंपन्या आणि डोंगराच्या पायथ्याची माणसे यांच्यात यावर पन्नासएक वर्षे वाद चालू आहे. या वादातला बराच गोंधळ तीन निरनिराळे प्रश्न एकत्र केल्यामुळे होतो, असे मला वाटते. डोंगर फुटेल का, हा पहिला. फुटला तर मी असेन त्या जागी मला इजा होईल का, हा दुसरा. आणि ठरल्या दिवशी मला घरी परतता येईल का, हा तिसरा. इशाऱ्याची पातळी मुख्यतः पहिल्या प्रश्नाशी बांधलेली असते. प्रवासी मात्र तिच्यातच उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधत राहतात.

इशारा कोणासाठी असतो

इंडोनेशियात सव्वाशेच्या वर जागृत ज्वालामुखी आहेत. त्यांच्यावर नजर ठेवण्याचे काम बांडुंग शहरातले सरकारी ज्वालामुखी केंद्र करते. तिथे चार पातळ्या आहेत: नॉर्मल, वास्पादा, सियागा आणि आवास. पहिली नेहमीची स्थिती, दुसरी सावध राहण्याची, तिसरी तयारीत राहण्याची आणि चौथी सर्वांत वरची. प्रत्येक पातळीबरोबर एक हद्द जाहीर होते. मुखापासून इतक्या किलोमीटरच्या आत कोणी थांबू नये, अमुक दिशेला ही हद्द आणखी वाढवावी, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. बातमीत पातळीचा आकडा ठळक येतो आणि हद्द बहुधा गळून पडते. वास्तविक प्रवाशाच्या उपयोगाचे त्या हद्दीतच असते.

ही रचना पायथ्याच्या गावांसाठी आणि ती रिकामी करण्याची जबाबदारी असलेल्या प्रशासनासाठी झाली. तप्त राख आणि वायूंचा लोट कोणत्या खोऱ्यातून उतरेल, पाऊस पडला तर साचलेल्या राखेचा चिखल कोणत्या नदीने खाली येईल, हे पाहून ती आखली जाते. समुद्रकिनाऱ्यावर उतरलेला पाहुणा, त्याची विमा कंपनी आणि त्याच्या देशाचे परराष्ट्र खाते हे सगळे तोच आकडा उसना घेऊन आपापले निर्णय करतात.

शिवाय हे आकडे देशागणिक वेगळे आहेत. न्यूझीलंडमध्ये शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या आहेत, जपानमध्ये पाच, तर स्पेनमध्ये हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे चार रंग. एका देशातली 'दोन' म्हणजे दुसऱ्या देशातली 'दोन' नव्हे. विमान वाहतुकीसाठी आणखी एक स्वतंत्र रंगसंकेत असतो. एकाच दिवशी एकाच डोंगराची जमिनीवरची पातळी तिसरी आणि आकाशातला रंग लाल, असे असू शकते.

आगुंग: १९६३ आणि २०१७

बालीच्या पूर्वेला तीन हजार मीटरहून उंच असलेला आगुंग हा बेटावरचा सर्वांत उंच आणि सर्वांत पवित्र डोंगर. त्याच्या उतारावर बेसाकीह हे बालीतल्या हिंदूंचे प्रमुख देवस्थान आहे. १९६३च्या फेब्रुवारीत आगुंग जागा झाला, तेव्हा बेसाकीहमध्ये शंभर वर्षांतून एकदा होणाऱ्या एका मोठ्या विधीची तयारी चालू होती. १७ मार्चला सर्वांत मोठा स्फोट झाला. त्या वर्षीच्या उद्रेकांनी अकराशेहून अधिक माणसे मेली. लाव्हा देवळापासून अगदी थोड्या अंतरावरून गेला, आणि देऊळ वाचले ही गोष्ट बालीच्या लोकांच्या मनात खोल रुतून बसली.

तेव्हाच्या बालीत आजचे पर्यटन नव्हते. आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन झाले १९६९ साली. म्हणजे आगुंगच्या मोठ्या उद्रेकाला आजच्या, पाहुण्यांवर जगणाऱ्या बालीने तोंड दिलेलेच नव्हते. त्या उद्रेकाची एक खूण मात्र आज पर्यटकच रोज पाहतात. ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, पाणतीराचा मारा खाल्लेले 'लिबर्टी' हे अमेरिकी मालवाहू जहाज तिथल्या किनाऱ्यावर आणून ठेवले गेले आणि वीस वर्षे तसेच पडून राहिले. १९६३च्या हादऱ्यांनी ते घसरून पाण्यात गेले. आज त्याच्या सांगाड्यावर प्रवाळ वाढले आहे आणि ते पाहण्यासाठी जगभरातून पाणबुडे येतात. तुलांबेन डोंगराच्या इतके जवळ आहे, की इशारा वाढला की रिकाम्या होणाऱ्या पट्ट्याशी त्याचा थेट संबंध येतो. कुटाच्या किनाऱ्यावरचा पर्यटक आणि तुलांबेनचा पाणबुड्या दोघेही 'बालीत'च असतात. त्यांचा धोका मात्र एक नाही.

२०१७च्या ऑगस्टपासून आगुंगखाली भूकंप वाढू लागले. सप्टेंबरच्या मध्यापासून अवघ्या आठवड्याभरात पातळी दुसरीवरून चौथीवर गेली. २२ सप्टेंबरला मुखाभोवती नऊ किलोमीटरची, आणि काही दिशांना बारा किलोमीटरची हद्द जाहीर झाली. दिवसाला शेकडो धक्के नोंदले जात होते. एक लाखाहून कितीतरी जास्त माणसांनी घरे सोडली. त्यांत हद्दीबाहेरचेही बरेच होते. १९६३ पाहिलेल्या वडीलधाऱ्यांनी आकड्यांची वाट पाहिली नाही. शाळा, क्रीडागृहे, गावकीची सभागृहे भरून गेली. सर्वांत अवघड प्रश्न गुरांचा होता. माणसे रात्री छावणीत झोपत आणि सकाळी वैरण-पाण्यासाठी बंदी असलेल्या भागात परत जात. काहींनी गुरे मिळेल त्या भावाने विकली.

आणि डोंगर फुटला नाही. ऑक्टोबरमध्ये धक्के कमी झाले. २९ ऑक्टोबरला पातळी तिसरीवर उतरवली गेली. त्यानंतर तीन आठवड्यांनी, २१ नोव्हेंबरला, वाफेचा पहिला स्फोट झाला. २५ तारखेपासून राखेचे उंच स्तंभ उठू लागले आणि २७ नोव्हेंबरला पातळी पुन्हा चौथीवर गेली. त्या दिवशी सकाळी देनपसारचा विमानतळ बंद झाला तो २९ तारखेच्या दुपारपर्यंत. पहिल्याच दिवशी ४४५ उड्डाणे रद्द झाली आणि ५९ हजार प्रवासी अडकले. ज्यांना निघायचेच होते, त्यांनी बसने पश्चिमेचे गिलिमानुक गाठले, फेरीबोटीने जावा बेटावर उतरून पुन्हा रस्त्याने सुराबायाचा विमानतळ पकडला. लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असली तर या प्रवासात माणूस मेटाकुटीला येतो.

उद्रेकाचे सत्र २०१९च्या मध्यापर्यंत अधूनमधून चालू राहिले. १९६३सारखा स्फोट झाला नाही. हजारो पाहुणे परतताना रखडले, पण कुटा, सनूर, उबुड इथल्या पाहुण्यांना उद्रेकाने शारीरिक इजा केली नाही. त्या वर्षी बालीत ५७ लाखांच्या आसपास परदेशी पर्यटक आले, आदल्या वर्षापेक्षा जास्त. त्याच वेळी डोंगराच्या पायथ्याच्या कारांगासम जिल्ह्यातली कुटुंबे महिनोन्‌महिने छावणीत होती. आगुंगचा कोणताही आढावा या दोन गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय पुरा होत नाही.

अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो

भूकंप वाढले असताना उद्रेक झाला नाही आणि कमी झाल्यावर झाला, यावरून शास्त्रज्ञांची चूक झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. नंतर उपग्रहांच्या मापनांवरून ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले, की शिलारस आगुंग आणि शेजारच्या बातूर या दोन ज्वालामुखींच्या मधल्या भागात खोलवर घुसला होता. दोन्ही डोंगरांच्या नळ्या खाली जोडलेल्या असाव्यात असे त्यातून सूचित झाले. एकाच डोंगराखालचे धक्के मोजून ही हालचाल पूर्ण कळली नसती.

या वादाचे सर्वांत कडवे पर्व १९७६मध्ये कॅरिबियनमधल्या ग्वादलूप या फ्रेंच बेटावर घडले. ला सुफ्रिएर ज्वालामुखीतून वाफेचे स्फोट होऊ लागले. हारून ताझिएफ हे नामवंत ज्वालामुखीतज्ज्ञ म्हणत होते, की नवा शिलारस वर आलेला नाही, लोकांना हलवण्याची गरज नाही. क्लोद आलेग्र आणि त्यांच्या बाजूचे शास्त्रज्ञ म्हणत होते, की धोका पत्करता येणार नाही. शेजारच्या मार्तिनिक बेटावर १९०२ साली माँ पेलेच्या उद्रेकात सेंट पिएर शहरातली सुमारे २८ हजार माणसे काही मिनिटांत गेली होती, ही आठवण सगळ्यांच्या डोक्यात होती. ऑगस्टमध्ये सत्तर हजारांहून जास्त लोक हलवले गेले. मोठा उद्रेक झालाच नाही. लोक काही महिन्यांनी परतले ते मोडलेल्या व्यापाराकडे आणि बुडालेल्या शेतीकडे. ताझिएफ यांचे निदान खरे ठरले. तरीही ३० ऑगस्टला विवराजवळ झालेल्या एका स्फोटात ते स्वतः सापडले होते आणि थोडक्यात बचावले. माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच. मोठा उद्रेक होणार नाही हे अचूक ओळखणाऱ्या माणसालाही शिखरावर लहान स्फोटाने गाठले.

शिखराचा धोका आणि बेटाचा धोका यांत असा फरक आहे, आणि अलीकडच्या काळात फिरायला आलेल्यांचे बळी गेले आहेत ते बहुतेक पहिल्यात. जपानच्या ओन्ताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी ६३ गिर्यारोहक मृत्युमुखी पडले किंवा बेपत्ता झाले. त्या दिवशी पातळी सर्वांत खालची होती आणि तिचे वर्णन 'नेहमीची स्थिती' असे होते. पुढच्या वर्षी जपानने ते वर्णन बदलून 'हा जागृत ज्वालामुखी आहे याचे भान ठेवा' अशा अर्थाचे केले. सुमात्रातला मरापी ३ डिसेंबर २०२३ला फुटला, तेव्हा पातळी दुसरी होती आणि शिखराभोवती तीन किलोमीटर जाऊ नये असा सल्ला होता. गिर्यारोहक तरीही वर होते. २४ जण मेले.

व्हकारी, म्हणजे व्हाइट आयलंड, हे तर बेटच मुळात ज्वालामुखी. नोव्हेंबर २०१९मध्ये तिथली पातळी एकवरून दोनवर गेली. सहली चालू राहिल्या. ९ डिसेंबरला स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ माणसे होती, त्यांतली बरीचशी एका क्रूझ जहाजावरून आलेली. २२ जण मेले आणि उरलेले सगळे जखमी झाले. खटले वर्षानुवर्षे चालले. बेटाच्या मालक कंपनीला २०२३मध्ये दोषी ठरवले गेले. फेब्रुवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. कंपनीने फक्त बेटावर जाण्याची परवानगी दिली होती, प्रत्यक्ष सहलीचे काम तिच्या ताब्यात नव्हते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. वाढलेल्या पातळीवर पाहुण्याला विवरापर्यंत नेणाऱ्यांपैकी नेमके कोण उत्तरदायी, हा प्रश्न त्यामुळे आणखी अवघड झाला.

दुसऱ्या टोकाचे अलीकडचे उदाहरण सँतोरिनी. २०२५च्या जानेवारीअखेरपासून तिथे हजारो भूकंप झाले. शाळा बंद झाल्या, आणीबाणी जाहीर झाली, हजारो लोक बोटींनी आणि विमानांनी बेट सोडून गेले. समुद्राखाली शिलारस सरकल्याचे नंतरच्या अभ्यासातून पुढे आले. उद्रेक झाला नाही. उलट ला पाल्मावर १९ सप्टेंबर २०२१ला उद्रेक सुरू झाला, तेव्हा इशारा अजून पिवळाच होता.

राखेचा प्रश्न वेगळा

तिसरा प्रश्न, परतीचा, मला सर्वांत दुर्लक्षित वाटतो, कारण बहुसंख्य प्रवाशांना प्रत्यक्षात तोच भोवतो.

ज्वालामुखीची राख ही लाकूड जळून होते तशी राख नव्हे. ती खडकाची आणि काचेची बारीक पूड असते. जेट इंजिनाच्या आतल्या उष्णतेत ती वितळते आणि पुढच्या थंड भागांवर पुन्हा घट्ट बसते. जगाला हे कळले २४ जून १९८२च्या रात्री. लंडनहून मुंबई आणि मद्रास करत पुढे ऑकलंडकडे चाललेले ब्रिटिश एअरवेजचे जंबो विमान जावाजवळ गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि चारही इंजिने बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमान तरंगत खाली आणले, इंजिने पुन्हा सुरू झाली आणि घासून आंधळ्या झालेल्या काचांतून ते जकार्ताला उतरले. रात्रीच्या अंधारात राख डोळ्यांना दिसली नव्हती, आणि हवामानाच्या रडारवरही नाही.

त्यानंतर जगभरात राखेची सूचना देणारी नऊ केंद्रे उभी राहिली. इंडोनेशियाचे आकाश ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या केंद्राकडे आहे. ते उपग्रहाच्या चित्रांवरून राख कुठे आणि किती उंचीवर चालली आहे ते कळवते. विमानतळावर मात्र एक साधी परीक्षा अजूनही होते. उघड्यावर कोरा कागद ठेवायचा आणि काही वेळाने त्यावर राखेचे कण पडले का ते पाहायचे. कागद स्वच्छ निघाला तरी विमान उडेलच असे नाही, कारण वर दहा किलोमीटरवर वेगळा वारा वाहत असतो. म्हणूनच विमानतळ उघडा, एक कंपनी उडते आहे आणि दुसरीने उड्डाणे रद्द केली आहेत, असे दृश्य बालीत अनेकदा दिसले. ऑस्ट्रेलियन कंपन्या लवकर थांबतात, काही स्थानिक कंपन्या उशिरा. प्रवाशाला यात लपवाछपवी दिसते. खरे तर प्रत्येक कंपनीचे धोका तोलण्याचे नियम आणि मार्ग वेगळे असतात.

२०१० साली आइसलंडच्या एका ज्वालामुखीने युरोपची एक लाखाच्या आसपास उड्डाणे रद्द करायला लावली. त्यानंतर युरोपने हवेत किती राख असली तरी उडता येईल याच्या मर्यादा ठरवल्या. आशियात मुख्यतः राख दिसली की टाळायची हाच नियम आहे. पहिल्या पद्धतीत उड्डाणे कमी रद्द होतात, पण राखेच्या मोजमापावर विश्वास टाकावा लागतो. दुसरी पद्धत जास्त सुरक्षित, पण तिथे वाऱ्याची दिशा बदलली की सगळे वेळापत्रक कोलमडते. यात कोण बरोबर, यावर अभियंत्यांचे एकमत झालेले नाही.

या सगळ्यात बालीचा आपला डोंगर शांत असला तरी फरक पडत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये आणि पुन्हा २०२५च्या जून-जुलैत बालीची उड्डाणे रद्द झाली, ती शेकडो किलोमीटर पूर्वेच्या फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी ज्वालामुखीमुळे. जून २०२५मध्ये दिल्लीहून निघालेले एअर इंडियाचे विमान बालीजवळून परत फिरले. त्या दिवशी 'बालीत इशारा आहे का' असे विचारणाऱ्याला 'नाही' हेच खरे उत्तर मिळाले असते. २०२५च्याच नोव्हेंबरात इथिओपियातल्या हायली गुब्बीची राख थेट भारताच्या आकाशात आली आणि इथल्याही काही फेऱ्या रद्द कराव्या लागल्या.

'या' म्हणणारे आणि 'थांबा' म्हणणारे

बालीच्या अर्थव्यवस्थेचा अर्ध्याहून मोठा भाग थेट किंवा आडून पर्यटनावर चालतो. त्यामुळे 'बाली सुरक्षित आहे, या' ही हाक केवळ हॉटेल मालकांची नसते. ती गाडी चालवणाऱ्याची, मसाज करणाऱ्या बाईची, देवळाबाहेर सारोंग भाड्याने देणाऱ्याचीही असते. त्यांचा मुद्दा वस्तुस्थितीला धरून आहे: हद्द दहा-बारा किलोमीटरची आणि मुख्य पर्यटन दक्षिणेला साठ-सत्तर किलोमीटरवर. एका डोंगरासाठी सगळ्या बेटाला बंद म्हणणे चुकीचे आहे. २०१७च्या डिसेंबरात अध्यक्ष जोको विदोदो स्वतः कुटाच्या किनाऱ्यावर फिरले ते हेच दाखवायला. आपत्ती निवारण संस्थेचे प्रवक्ते सुतोपो पुर्वो नुग्रोहो दिवसरात्र नकाशे आणि छायाचित्रे टाकून अफवा खोडत राहिले. जुन्या उद्रेकांची चित्रे आगुंगची म्हणून फिरत होती, त्यामुळे त्यांचे काम फार मोलाचे ठरले.

'थांबा' म्हणणाऱ्यांचेही म्हणणे पोकळ नाही. संकटाच्या वेळी रस्ते, रुग्णालये, बसगाड्या मर्यादित असतात. अडकलेला प्रत्येक पाहुणा त्यांवर भार टाकतो. दम्याच्या रुग्णाला, लहान मुलाला राखेचा त्रास हद्दीबाहेरही होतो. आणि मोठ्या उद्रेकात हद्द वाढते, तेव्हा बाहेर पडण्याचा मार्ग सर्वांत आधी बंद होतो तो हवाई. २०१७मध्ये चीनने आपल्या अडकलेल्या नागरिकांसाठी खास विमाने पाठवली. भारताच्या वाणिज्य दूतावासाने आपल्या लोकांसाठी मदतीची सोय केली आणि तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी ते समाजमाध्यमांवरून कळवले. सरकारांना हे करावे लागते, म्हणून त्यांचा सल्ला स्वभावतःच जास्त सावध असतो.

तिसरा आवाज क्वचित ऐकू येतो, तो पायथ्याच्या लोकांचा. ला पाल्माचा उद्रेक सुरू झाल्यावर स्पेनच्या पर्यटनमंत्री रेयेस मारोतो म्हणाल्या, की हा देखावा पर्यटकांना आकर्षित करू शकेल. घरे लाव्हाखाली जात असताना हे शब्द लोकांना झोंबले आणि त्यांना सारवासारव करावी लागली. त्या उद्रेकात जवळजवळ तीन हजार इमारती गेल्या. 'पाहुणे यावेत' आणि 'आमची घरे वाचावीत' या दोन्ही इच्छा एकाच बेटावर असतात, पण त्या नेहमी एकाच माणसाच्या नसतात. या वादावर लिहिताना आपण हा फरक विसरतो, याची मला खंत वाटते. माँतसेरातवर १९९५पासून सुरू झालेल्या उद्रेकाने राजधानी प्लिमथ गाडली गेली, दोन तृतीयांश लोक बेट सोडून गेले, आणि आज तीच गाडलेली राजधानी पाहायला परवानगीने पर्यटक नेले जातात. राहिलेल्यांना त्यातून पोट भरता येते. गेलेल्यांना त्यातले काही मिळत नाही.

पैसे कोणाचे बुडतात

प्रवास विम्यात या प्रश्नाची गाठ सर्वांत घट्ट बसते. इशारा जाहीर झाल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत तो ज्वालामुखी 'आधीच ठाऊक असलेली घटना' मानला जातो आणि भरपाई नाकारली जाते. २०१७मध्ये ऑस्ट्रेलियन विमा कंपन्यांनी आगुंगसाठी अशा तारखाच जाहीर केल्या होत्या. त्या तारखेआधी विमा घेतलेला भरपाईला पात्र, नंतरचा अपात्र. पण इशारा आहे, हद्दीबाहेरचे हॉटेल उघडे आहे, विमानही उडते आहे आणि प्रवाशाने केवळ भीतीने सहल रद्द केली, तर जुन्या पॉलिसीतही बहुधा काही मिळत नाही.

विमान कंपन्यांची बाजूही देशानुसार बदलते. युरोपीय न्यायालयाने २०१३ साली, आइसलंडच्या राखेत अडकलेल्या एका प्रवाशाच्या प्रकरणात, सांगितले की नैसर्गिक संकट असले तरी अडकलेल्या प्रवाशाच्या जेवणा-राहण्याची जबाबदारी कंपनीचीच. भारतात अशा असाधारण परिस्थितीत रद्द झालेल्या उड्डाणासाठी वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही. तिकिटाचे पैसे किंवा दुसरे उड्डाण यांपुरता हक्क उरतो. जादा रात्रींचे हॉटेल, बुडालेले कामाचे दिवस आणि टूर कंपनीने हॉटेल-गाड्यांसाठी आधीच भरलेले पैसे यांचा हिशेब वाटाघाटीवर येतो. तिथे अनुभवी कंपनी आणि नवखी कंपनी यांतला फरक उघडा पडतो.

जे अजून सुटलेले नाही

पातळी कोणी ठरवावी यावर तत्त्वतः मतभेद कमी आहेत. ती शास्त्रज्ञांनी ठरवावी आणि रस्ते-किनारे बंद करण्याचा निर्णय प्रशासनाने घ्यावा. व्यवहारात दोन्ही एकमेकांत मिसळतात. २०१७च्या अखेरीस बालीत 'आणीबाणी' या शब्दामुळे परदेशी सरकारे पर्यटकांना रोखत आहेत असे दिसल्यावर, आणीबाणीची व्याप्ती डोंगराजवळच्या भागापुरती मर्यादित करण्याचा आग्रह धरला गेला. भूगोलाच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण पातळी उतरवण्यासाठी पर्यटनाचा दबाव कुठवर पोहोचू शकतो, हा संशय अशा प्रत्येक निर्णयामागे राहतो आणि तो दूर करण्याचा ठोस मार्ग अजून कोणाला सापडलेला नाही.

दुसरा प्रश्न लहान स्फोटांचा. वाफेचे स्फोट बहुधा कोणतीही ठळक पूर्वसूचना देत नाहीत. ओन्ताके आणि व्हकारी याच प्रकारचे. पातळी खालची असतानाही विवराच्या काठावर पाहुण्यांना न्यावे का, की काही डोंगरांचे माथे कायमचे बंद ठेवावेत? व्हकारीवर २०१९नंतर सहली सुरू झालेल्या नाहीत. बालीतल्या बातूरवर मात्र रोज पहाटे शेकडो लोक सूर्योदय पाहायला चढतात, त्यांत आपलेही बरेच असतात, आणि ती चढण गावातल्या वाटाड्यांचे रोजचे उत्पन्न आहे.

आपल्याकडे अंदमानातले बॅरन आयलंड हे याच प्रश्नाचे छोटे रूप. ते भारतातले एकमेव जागृत ज्वालामुखीचे बेट आहे. तिथे वस्ती नाही, उतरायला परवानगी नाही, बोटीतून लांबून पाहता येते. जानेवारी २०१७मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जहाजावरून तिथला उद्रेक जवळून पाहिला आणि नोंदला. अंदमानचे पर्यटन जसे वाढेल, तशी जवळ जाऊ देण्याची मागणीही वाढेल.

तिसरा प्रश्न प्रवाशासाठी वेगळी सूचना असावी का, याचा. काही जण म्हणतात, की हद्द, राखेची दिशा आणि परतीचे पर्याय एकत्र दाखवणारा एकच नकाशा असावा. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे, की एकाच डोंगराविषयी दोन सूचना निघाल्या तर लोक सोयीची तेवढी वाचतील, आणि पायथ्याच्या गावकऱ्याला 'पर्यटकांना तर चालते आहे' असे वाटून तो घर सोडणार नाही. २०१७मध्ये हद्दीतल्या गावांत वैरणीसाठी रोज परतणाऱ्या माणसांना पाहिलेल्या अधिकाऱ्यांना ही भीती खरी वाटते. नकाशाच्या बाजूचे त्यावर विचारतात, की आजही पर्यटक बातमीतला आकडा तेवढा वाचतोच आहे, मग त्याला निदान अंतर तरी का दाखवू नये.